नववीच्या विषयांचा फॉर्म

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: दोन वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात आलात, थोरली मुलगी ऑगस्टमध्ये पब्लिक हायस्कूलच्या नववीत जाणार आहे, आणि तुम्हाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. इथे कॉलेजप्रवेशासाठी नेमकी कुठली परीक्षा असते, तिचा क्लास कितवीपासून लावायचा, आणि किती मार्क पडले की चांगलं कॉलेज मिळतं. जाता जाता धाकट्याचा उल्लेख आहे. तो सहावीत आहे आणि ‘त्याला अजून वेळ आहे’. त्याच्याकडे मी शेवटी येते.

मी अकरा वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं आणि गेली चौदा वर्षं काउन्सेलर, म्हणजे मुलांना विषय आणि कॉलेज निवडायला मदत करणारी शाळेतली सल्लागार, आहे. माझ्या नावावर दर वर्षी चारशेच्या वर मुलं असतात. एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत, असं इथली काउन्सेलरांची राष्ट्रीय संघटना म्हणते. आम्ही ते वाचतो, हसतो आणि कामाला लागतो. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. तुमच्या मुलीची फाइल माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर वर्षातून जेमतेम तासभर उघडी असेल, हे तुम्हाला आत्ताच माहीत असलेलं बरं. बाकीचं लक्ष घरातून ठेवावं लागतं, आणि त्यासाठी काय बघायचं ते कळलेलं असावं लागतं.

आता तुमचे तीन प्रश्न. तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: शाळा शाळेच्या जागी, प्रवेश परीक्षा वेगळी, आणि खरी तयारी त्या परीक्षेची. आपण सगळे त्याच वाटेनं आलो, त्यामुळे ती समजूत सहजासहजी सुटत नाही. पण तुमच्या राज्यात ती सरळसरळ चुकीची ठरते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे नऊ कॅम्पस, २०२१पासून प्रवेशासाठी एसएटी किंवा एसीटी या देशपातळीवरच्या परीक्षांचे मार्क बघतच नाही. चांगले पडले असले तरी बघत नाही. कॅल स्टेटनं, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीनं, २०२२मध्ये तेच केलं. म्हणजे ज्या दोन सरकारी व्यवस्थांमध्ये या राज्यातली असंख्य मुलं जातात, तिथे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘कुठलीच नाही’ असं आहे.

मग बघतात काय? चार वर्षांत मुलीनं कुठले विषय घेतले, त्यांची काठिण्यपातळी काय होती, आणि प्रत्येक सेमिस्टरला कुठली श्रेणी मिळाली. या कागदाला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात. हीच ती परीक्षा, आणि तिचा पहिला पेपर म्हणजे विषय निवडण्याचा तो फॉर्म, जो बहुतेक आठवीच्या वसंतात मुलांच्या दप्तरातून घरी येतो, कुणीतरी घाईत सही करतं आणि परत जातो. तुमच्याकडेही तो येऊन गेला असणार. त्यावर काय भरलंय ते आज रात्री मुलीला विचारा.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण नव्यानं आलेल्या घरांत सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. हायस्कूल पास होणं आणि विद्यापीठाला अर्ज करायला पात्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्याच्या कायद्यानुसार डिप्लोमासाठी गणिताची दोन वर्षं पुरतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला किमान तीन लागतात आणि चार असावीत अशी त्यांची शिफारस आहे. इंग्रजी डिप्लोमाला तीन वर्षं, विद्यापीठाला चार. पुष्कळ शाळांनी आपल्या अटी राज्यापेक्षा कडक केल्या आहेत, पण सगळ्यांनी नाही. त्यामुळे एखादं मूल चारही वर्षं नियमित शाळेत जातं, सगळे विषय पास होतं, टोपी उडवून पदवीदान समारंभाचे फोटो काढतं, आणि अर्ज करायला मात्र पात्र नसतं. त्यात कुणी फसवलेलं नसतं. सगळ्यांनी आपापलं काम केलेलं असतं, फक्त फॉर्म भरताना कुणी पुढचं पाहिलेलं नसतं.

विद्यापीठाच्या यादीला इथे सगळे ‘ए-जी’ म्हणतात, कारण सात गटांना इंग्रजीतली ए ते जी ही अक्षरं दिली आहेत. इतिहास-समाजशास्त्र दोन वर्षं, इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, इंग्रजीखेरीज एक भाषा दोन वर्षं, कला एक वर्ष, आणि या सहांवर आणखी एक निवडीचा विषय. मिळून पंधरा. यातले अकरा विषय बारावी सुरू होण्याआधी संपलेले असावे लागतात. प्रत्येकात सी किंवा त्याहून वरची श्रेणी हवी. डी मिळाला तर शाळा पास म्हणते, विद्यापीठ म्हणत नाही. आणखी एक गोम अशी की शाळेत शिकवला जाणारा प्रत्येक विषय या यादीत बसत नाही. प्रत्येक शाळेचे मंजूर विषय कुठले, ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकून कुणालाही बघता येतं. मी पालकांना सांगते की तो कागद छापून घ्या आणि फ्रिजवर लावा.

भाषेबद्दल थोडं थांबून लिहिते. दोन वर्षं म्हणजे एकाच भाषेची दोन वर्षं. माझ्याकडे एक मुलगी होती, अतिशय हुशार. नववीत स्पॅनिश एक घेतलं, बाई आवडल्या नाहीत म्हणून दहावीत फ्रेंच एक घेतलं. दोन्हीत ए. अकरावीच्या शेवटी ती माझ्याकडे आली (आधीच्या काउन्सेलरनं शाळा सोडली होती), तेव्हा तिच्या नावावर भाषेचं एकच वर्ष धरलं जात होतं. बारावीत फ्रेंच दोन घ्यावं लागलं, आणि त्यासाठी तिला जे शिकायचं होतं ते कॉम्प्युटर सायन्स सोडावं लागलं. तुमच्यासारख्या घरांसाठी याच नियमाला एक चांगली बाजूही आहे. ज्या मुलानं इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत उच्च प्राथमिकची दोन वर्षं नीट पूर्ण केली आहेत, त्याची भाषेची अट त्यावर भागू शकते. मुलगी इथे येण्याआधी मराठी माध्यमात असेल तर तिकडच्या शाळेची प्रगतिपत्रकं काउन्सेलरला दाखवून लेखी विचारून घ्या. बहुतेक पालक ती प्रगतिपत्रकं बॅगेच्या तळाशी ठेवून विसरतात.

गुणांचं गणितही आपल्या सवयीपेक्षा वेगळं आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया स्वतःचा जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, काढते: ए-जी विषयांतल्या ए ला ४, बी ला ३, सी ला २. अधिक-उणे धरत नाही. बी-प्लस म्हणजे बीच, ए-मायनस म्हणजे एच. हे कळलं की सेमिस्टरच्या शेवटच्या तीन आठवड्यांत कुठल्या विषयाला जोर लावायचा याचा निर्णय सोपा होतो. एपी (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) आणि मंजूर ऑनर्स (नेहमीपेक्षा अवघड) विषयांना एक जादा गुण मिळतो, पण तो जास्तीत जास्त आठ सेमिस्टरांपुरता, आणि त्यातली दहावीची चारपेक्षा जास्त धरत नाहीत. म्हणून बारा-बारा एपी घेऊन झोप घालवणाऱ्या मुलांना मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते. हा जीपीए नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचा असतो. नववीच्या श्रेणी त्यात मोजत नाहीत.

‘मग नववी सुटलीच की!’ असं दर वर्षी कुणीतरी बाप आनंदानं म्हणतो. सुटत नाही. नववीतल्या विषयातही सी लागतोच, खासगी कॉलेजं नववी मोजतात, आणि मुख्य म्हणजे नववी घसरली की दहावीचं दार अरुंद होतं. शिकागोच्या सरकारी शाळांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २००५मध्ये दाखवलं की नववीच्या अखेरीस पुरेसे विषय पूर्ण केलेली आणि मुख्य विषयांत एकापेक्षा जास्त सेमिस्टर नापास न झालेली मुलं चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता, मागे पडलेल्या मुलांच्या साडेतीन पट होती. आठवीच्या चाचणीतल्या मार्कांपेक्षा ही एक खूण जास्त खरी निघाली. मी हे आकडे वाचण्याआधीही नववीच्या ऑक्टोबरातल्या पहिल्या प्रगतिअहवालाला घाबरत असे. आता का घाबरते ते सांगता येतं, एवढंच.

तिसरा प्रश्न, किती मार्क पडले की चांगलं कॉलेज. राज्यातल्या रहिवाशाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी ए-जीमध्ये किमान ३.० जीपीए लागतो, बाहेरच्यांना ३.४. कॅल स्टेटला रहिवाशांसाठी २.५. पण किमान म्हणजे फक्त अर्ज आत घेतला जाण्यापुरतं. यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅम्पसला, २०२३मध्ये पहिल्या वर्षासाठी सुमारे १ लाख ४५ हजार अर्ज आले आणि शंभरातल्या नऊ जणांना प्रवेश मिळाला. त्या अर्जांच्या ढिगात ए च ए असलेले हजारो असतात. त्यांच्यात निवड करताना तुमच्या मुलीच्या शाळेत काय उपलब्ध होतं आणि तिनं त्यातलं काय घेतलं, हे बघितलं जातं. शाळेत चारच एपी असतील आणि तिनं तीन घेतले असतील, तर वीस एपी असलेल्या शाळेतल्या पाच एपीवाल्यापेक्षा ती मागे आहे असं कुणी धरत नाही. मर्सेड किंवा रिव्हरसाइड या कॅम्पसचं चित्र पुष्कळ वेगळं आहे, आणि तिथून उत्तम शिकून बाहेर पडलेली माझी मुलं आहेत. ‘चांगलं’ या शब्दावर मी इथे भांडत बसत नाही. तो भाग तुम्ही मुलीशी बोला, आणि शक्यतो शेजाऱ्यांशी बोलण्याआधी.

तर विषयांची काठिण्यपातळी. हे मी का पुन्हा पुन्हा सांगते, त्याला एक जुना आणि भक्कम आधार आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्यातले संशोधक क्लिफर्ड ॲडलमन यांनी १९८०मध्ये दहावीत असलेल्या मुलांची देशभरातली एक तुकडी १९९३पर्यंतच्या नोंदींवरून तपासली आणि १९९९मध्ये निष्कर्ष मांडले. कॉलेजची पदवी कोण पूर्ण करतं, याचा सर्वांत चांगला अंदाज हायस्कूलमध्ये घेतलेल्या विषयांच्या दर्जावरून येत होता. चाचणीतले मार्क आणि वर्गातला क्रमांक त्याच्या मागे होते. आणि विषयांमध्येही गणित वेगळं उठून दिसलं. अल्जिब्रा दोनच्या (हायस्कूलमधला बीजगणिताचा दुसरा विषय) पुढचा एक जरी विषय पूर्ण केला, तर कॉलेजात गेलेल्या मुलानं पदवी पूर्ण करण्याची शक्यता दुपटीहून वाढत होती.

यावर एक खबरदारी, आणि ती मी गणिताची जुनी शिक्षिका म्हणून देते. श्रेणी मिळाली म्हणजे विषय आला असं नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये यूसी सॅन डिएगोच्या प्राध्यापकांच्या समितीनं एक अहवाल काढला. हायस्कूलच्या पातळीचंही गणित येत नसलेल्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या तिथे २०२० ते २०२५ या काळात जवळजवळ तीसपट झाली होती. ही मुलं प्रवेशाचे निकष पूर्ण करून आलेली होती आणि त्यांच्या ट्रान्स्क्रिप्टवर गणिताच्या श्रेणी बऱ्या होत्या. मला त्या अहवालाचं आश्चर्य वाटलं नाही. महामारीची दोन वर्षं, गृहपाठाला भरपूर मार्क, चुकलेली परीक्षा पुन्हा देण्याची सोय, आणि आता फोनवर फोटो काढला की उत्तर. या सगळ्यातून ए मिळवता येतो. म्हणून घरी एक साधी तपासणी ठेवा. महिन्यातून एकदा, मागच्या महिन्यात शिकवलेल्या धड्यातली पाच उदाहरणं कोऱ्या कागदावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तीन आली तर ठीक आहे. एकही आलं नाही आणि वर्गात ए आहे, तर त्या ए वर विसंबू नका.

तुम्हाला गणित येत असलं तरी त्या पाच उदाहरणांना तुम्ही बसवू नका, असं मी हळूच सुचवते. आपल्याकडचे इंजिनियर वडील तिसऱ्या मिनिटाला पेन हातात घेतात.

क्लासबद्दल. परीक्षेचा क्लास आत्ता अजिबात नको. एसएटीचा विचार दहावीच्या उन्हाळ्यात करा, आणि तोही मुलीला राज्याबाहेर किंवा खासगी कॉलेजात जायचं असेल तरच. तिकडे वारं पुन्हा फिरलंय: एमआयटीनं २०२२मध्ये, आणि डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४मध्ये परीक्षा पुन्हा आवश्यक केली. बाकी अनेक ठिकाणी मार्क पाठवायचे की नाही ते विद्यार्थ्यावर सोडलं आहे. परीक्षा आता संगणकावर होते. २ तास १४ मिनिटं, ९८ प्रश्न, १६०० पैकी गुण, आणि प्रत्येक विभागाचा दुसरा भाग पहिल्या भागातल्या कामगिरीप्रमाणे सोपा किंवा अवघड येतो. खान अकॅडमी या संकेतस्थळावर अधिकृत सराव फुकट आहे. तोच आठवड्याला तीन तास असा तीन महिने मन लावून केला तर माझ्या बहुतेक मुलांना पुरतो. ज्यांना पुरत नाही त्यांची अडचण क्लासनं सुटणारी नसते, कारण ती वाचनाची असते.

आणि वाचनाची तयारी एसएटीही करून घेत नाही, उलट फसवते. नव्या परीक्षेतले उतारे २५ ते १५० शब्दांचे असतात, प्रत्येकाखाली एक प्रश्न. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात इतिहासाची चाळीस पानं वाचून या म्हणतात, आणि ती सरळ गोष्टीसारखी नसतात. लेखक एक मत मांडतो, मग त्याच्या विरुद्ध बाजू सांगतो, मग ती खोडतो. मुलं मधली विरुद्ध बाजू हेच लेखकाचं मत समजून निबंध लिहून येतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता शिकवताना पहिलं तेच दाखवते. नववीपासून रोज अर्धा तास अवघड गद्य, छापील असलं तर उत्तम, आणि प्रत्येक प्रकरणानंतर तीन ओळी आपल्या शब्दांत: लेखक काय म्हणतो, कशावरून म्हणतो, मला कुठे पटत नाही. तिसरी ओळ लिहायला मुलं फार कचरतात. मुलगी घरी मराठीत वाद घालत असेल तर घालू द्या. तिसऱ्या ओळीचा सराव तिथेच होतो.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण तिनं माझ्या स्वतःच्या शिकवण्यात फरक पडला. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यांनी एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना ४० टक्के आठवत होतं, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. तुमची मुलगी आदल्या रात्री रंगीत पेनानं वही रंगवत बसत असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत ती चमकेल आणि सेमिस्टरच्या परीक्षेत अडखळेल. वही मिटून आठवायला लावा. मुलांना हे आवडत नाही, कारण वाचताना आपल्याला येतंय असं वाटतं आणि आठवताना येत नाहीये हे कळतं.

‘पण अवघड विषय घेतले आणि श्रेणी पडल्या तर?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण फॉर्म समोर आला की विचाराल. १९८०मध्ये सॅन डिएगोतल्या क्लेअरमाँट हायस्कूलमध्ये मेरी कॅथरीन स्वॉन्सन नावाच्या इंग्रजीच्या शिक्षिकेनं ३२ मुलांवर एक प्रयोग केला. मुलं मधल्या श्रेणीची होती, घरात कॉलेजची परंपरा नव्हती. तिनं त्यांना शाळेतल्या सर्वांत अवघड वर्गांत बसवलं, आणि त्याबरोबर शाळेच्याच वेळापत्रकात एक तास राखून ठेवला. त्या तासात टिपणं कशी काढायची, आपल्याला नेमकं काय कळलं नाही ते प्रश्नाच्या रूपात कसं लिहायचं, आणि ते गटात कसं सोडवायचं, एवढंच. त्यातून ‘ॲव्हिड’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि तो आज देशभरातल्या शाळांत चालतो. तुमच्या शाळेत असेल आणि तुमच्या घरातून अमेरिकी कॉलेजात जाणारी ही पहिलीच असेल, तर जरूर विचारा. ‘आमची मुलगी हुशार आहे, तिला मदतीचा वर्ग कशाला’ म्हणून नाकारू नका. नसेल तर तोच तास घरी काढा. माझा ठोकताळा असा: नववीत एक ऑनर्स विषय, ज्यात तिला मुळातच रस आहे तो. डिसेंबरात तो नीट चालला असेल तर दहावीत दोन, जमल्यास त्यात एक एपी. अकरावीत तीनपर्यंत. एखाद्या ऑनर्स विषयात सी दिसू लागला तर आधी शिक्षकांना भेटायचं, मग वर्ग बदलायचा विचार. बदलण्याची मुदत बहुतेक शाळांत सेमिस्टर सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत संपते, आणि ती तारीख कुणी आपणहून सांगत नाही.

गणितात एक नवी फाटाफूट आहे, ती लक्षात ठेवा. अल्जिब्रा दोनऐवजी डेटा सायन्स घेता येतं असं मध्यंतरी पुष्कळ शाळा सांगत होत्या. २०२३मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्राध्यापकांच्या प्रवेशविषयक मंडळानं ते धरायचं नाही असं ठरवलं. डेटा सायन्स किंवा संख्याशास्त्र जरूर घ्यावं, पण अल्जिब्रा दोन झाल्यावर, चौथं वर्ष म्हणून.

निबंध, उपक्रम, शिफारसपत्रं यावर लोक फार बोलतात. मी कमी बोलते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला आठपैकी चार प्रश्नांची उत्तरं लागतात, प्रत्येकी ३५० शब्दांत. खासगी कॉलेजांच्या सामाईक अर्जाला ६५० शब्दांपर्यंतचा एक निबंध. चारही वर्षं एखादं काम मनापासून केलेलं असेल तर लिहायला मजकूर असतो, नसेल तर कुठलाही सल्लागार किंवा यंत्र तो आणू शकत नाही. यंत्रानं लिहिलेले निबंध आम्ही रोज वाचतो. सगळ्यांची आजी एकाच पद्धतीनं वारते. शिफारसपत्र शक्यतो अकरावीच्या शिक्षकांकडून घ्यावं, आणि अकरावीच्या मे महिन्यातच विनंती करावी. जून लागला की शिक्षक गावाला जातात.

अर्ज नोव्हेंबरअखेर जातो. त्या वेळी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ट्रान्स्क्रिप्ट मागत नाही. श्रेणी विद्यार्थ्यानं स्वतः भरायच्या असतात. प्रवेश मिळाल्यावर जुलैच्या सुमारास शाळेकडून शेवटचं ट्रान्स्क्रिप्ट जातं आणि ते भरलेल्या माहितीशी ताडून बघतात. बारावीच्या वसंतात डी पडला, किंवा अर्जात लिहिलेला विषय न सांगता सोडला, तर दिलेला प्रवेश परत घेता येतो, आणि घेतात. माझ्या कारकिर्दीत हे तीनदा झालं. तिन्ही वेळा घरी पार्टी होऊन गेली होती.

व्हिसा आणि फीचा भाग तुमच्या परिस्थितीवर फार अवलंबून आहे, त्यात मी इथे शिरत नाही. एवढंच सांगते की कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे स्थानिक सरकारी कॉलेजात, दोन वर्षं करून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाण्याची वाट या राज्यात चांगली रुळलेली आहे. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस ठरावीक अटी पूर्ण केल्यास जागेची हमीही देतात. आपल्या समाजात या वाटेला नाक मुरडतात. मुरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिची फी बघितलेली असते.

आता मुलीच्या फॉर्मकडे. शाळा सुरू होण्याआधी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काउन्सेलरची वेळ घ्या आणि मुलीलाच बोलू द्या. तिनं विचारायचं ते असं: माझे या वर्षीचे सगळे विषय ए-जीच्या यादीत आहेत का? मी आत्ता ज्या गणितात आहे त्यावरून बारावीत कुठे पोचेन? आणि एखाद्या विषयात डी आला तर तो उन्हाळ्यात कुठे पुन्हा करता येतो? माझ्याकडे नववीतली एखादी मुलगी हे तीन प्रश्न घेऊन आली, तर ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ मी तिला देते. माझे सहकारीही देतात.

आणि धाकटा. त्याला वेळ आहे असं तुम्ही लिहिलंय, पण मला थोरलीपेक्षा त्याचीच घाई वाटते. गणिताची साखळी इथे अशी चालते: अल्जिब्रा एक, जॉमेट्री, अल्जिब्रा दोन, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. एकेक वर्ष. काही शाळांत पहिली तीन ‘इंटिग्रेटेड मॅथ’ एक, दोन, तीन या नावानं येतात. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर आठवीत अल्जिब्रा एक सुरू व्हायला हवा, आणि अनेक जिल्ह्यांत आठवीच्या त्या वर्गात कोण बसणार ते सातवीच्या वर्गावरून, म्हणजेच सहावीच्या शेवटच्या चाचणीवरून ठरतं. इंजिनियरिंग किंवा भौतिकशास्त्राकडे त्याचा ओढा नसेल, तर ही घाई नको. अपूर्णांक आणि ऋण संख्या पक्क्या नसताना पुढे ढकललेली मुलं दहावीत अल्जिब्रा दोनला माझ्यासमोर रडली आहेत, आणि त्यांच्यापेक्षा वर्षभर मागून आलेली मुलं शांतपणे पुढे गेली आहेत. पुढे एखाद्या उन्हाळ्यात जॉमेट्री करून वर्ष भरूनही काढता येतं. पण निर्णय तुम्ही घ्यायचा, न विचारल्यामुळे तो आपोआप होऊ द्यायचा नाही. त्याच्या शाळेला विचारा की सातवीच्या वरच्या गणिताची चाचणी कधी असते. बऱ्याच ठिकाणी ती मे महिन्यात असते.